मेळघाटात गटानं फोटो काढायला जायचंय? निघण्याआधी हे वाचून घ्या

धामणगाव बढे / वार्ताहर :

आपल्या मोताळा तालुक्यात आता बऱ्याच पोरांना जंगलातले फोटो काढायचा नाद लागला आहे. कुणाकडं चांगला मोबाईल आहे, कुणी लग्नाच्या ऑर्डरीसाठी कॅमेरा घेतलेला आहे. पाच-सहा जण मिळून मेळघाटात जाऊ, वाघाचा फोटो काढून आणू, असं ठरतं. पण सफारी कुठून मिळते, कोणत्या महिन्यात जायचं, मोबाईल चालतो का, किती जण एका गाडीत बसतात, हे नीट माहीत नसतं. म्हणून ही माहिती एका जागी दिली आहे. जाणाऱ्यांनी वाचावी, ज्यांच्या घरची पोरं जाणार आहेत त्यांनीही वाचावी.

आधी जागा समजून घ्या

आपल्या सगळ्यात जवळचं जंगल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य. बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याकडून जातो तो याच जंगलातून. १९९७ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र साधारण २०५ चौरस किलोमीटर. अस्वल, बिबट, तडस, रोही, भेकर, मोर हे इथले रहिवासी. अस्वलांसाठी हे जंगल खास ओळखलं जातं.

राष्ट्रीय उद्यान मात्र आपल्या जिल्ह्यात नाही. आपल्याला जवळचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं गुगामल. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७४ साली तो जाहीर झाला. गुगामल उद्यान ३६१ चौरस किलोमीटरचं. त्याच्या भोवती मेळघाट, वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. यातलं अंबाबरवा आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत आहे. म्हणजे मेळघाटाचं एक दार बुलढाणा जिल्ह्यातच उघडतं, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं.

गाभा आणि बफर हे दोन शब्द तिकीट काढताना सारखे येतील. गाभा म्हणजे वाघासाठी राखलेलं आतलं जंगल. तिथं गुरं चारणं, लाकूड तोडणं बंद. बफर म्हणजे गाभ्याच्या भोवतीचा पट्टा. तिथं गावं आहेत, शेती आहे आणि जनावरंही आहेत. दोन्हीकडचे नियम वेगवेगळे असतात.

कुठून जायचं

आपल्या भागातून तीन वाटा सोयीच्या आहेत.

१) अंबाबरवा : मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद करत संग्रामपूर तालुक्यात जायचं. वसाळी गावाकडून जंगलात शिरायची वाट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि एका दिवसात परत येणाऱ्यांना ही बरी.

२) नरनाळा : शेगावहून अकोट आणि अकोटहून शहानूर. डोंगरावर नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा म्हणजे दगडातली नक्षी कशी असावी याचा नमुना. ज्याला प्राणी दिसला नाही त्यालाही इथं फोटो मिळतो. मुक्कामाला शेगाव सोपं पडतं.

३) सेमाडोह-कोलकास : अकोट, अंजनगाव, परतवाडा करत सेमाडोह. परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोह, कोलकास, हरिसाल अशी ठिकाणं ओळीनं लागतात. कोलकासला खाली सिपना नदी आहे. ही वाट लांबची, म्हणून किमान एक मुक्काम धरूनच निघावं. रेल्वेनं जायचं तर मलकापूरला बसून बडनेऱ्याला उतरता येतं, पुढं एसटी किंवा भाड्याची गाडी.

कोणत्या महिन्यात काय मिळतं

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातली सफारी बंद असते. बाकीचं वर्ष असं :

ऑक्टोबर-नोव्हेंबर : जंगल हिरवंगार, नाले वाहते. प्राणी कमी दिसतात कारण गवत उंच असतं आणि पाणी सगळीकडं असतं. पण हवा धुतलेली असते. डोंगरदऱ्या, फुलपाखरं, पाखरं यांचे फोटो या दिवसांत चांगले येतात. अडचण एकच. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी याच दिवसांत असते, शेतकऱ्याच्या पोराला सुट्टी मिळणं कठीण.

डिसेंबर-जानेवारी : थंडी कडाक्याची. उघड्या जिप्सीत पहाटे हात बधिर होतात, बटण दाबत नाही. हातमोजे आणि कानटोपी लागतेच.

फेब्रुवारी-मार्च : साग झडलेला असतो, लांबवर दिसतं. पळस आणि काटेसावर फुलते. फुललेल्या पळसाखाली गाडी थांबवून अर्धा तास बसलं तर मैना, पोपट, शिंजीर असे कितीतरी पक्षी आपण होऊन येतात. हरभरा, गहू निघायच्या आधी थोडी सवडही असते.

एप्रिल-मे : प्राणी दिसायला सगळ्यात चांगले दिवस, कारण पाणवठे मोजकेच उरतात. ऊन मात्र सहन झालं पाहिजे. मोहाची फुलं पडतात तेव्हा अस्वलं पहाटे मोहाखाली येतात. ज्ञानगंगेच्या काठच्या गावांत मोहफुलं वेचणाऱ्यांना हे सांगायला नको. पण फोटोसाठी मोहाच्या झाडाखाली पायी जाऊन उभं राहायचं धाडस कुणी करू नये. अस्वलाला दुरून माणूस नीट दिसत नाही. जवळ आल्यावर ते बिथरतं आणि सरळ अंगावर येतं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करायची संधी वनविभागानं गेल्या काही वर्षांत दिली आहे. 'निसर्गानुभव' नावानं तो कार्यक्रम होतो. फोटो फारसे मिळत नाहीत, पण पाण्यावर कोण कधी येतं, कोण कुणाला वाट देतं, हे त्या एका रात्रीत कळतं. त्या वर्षीचे नियम बघून अर्ज करावा.

बुकिंग कसं करायचं

वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बुकिंग करा. व्हॉट्सॲपवर कुणी 'हमखास वाघ, पॅकेज इतकं' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. वाघ हमखास दाखवायचा शब्द कुणीच देऊ शकत नाही, मेळघाटात तर नाहीच.

एका जिप्सीत सहसा सहा पर्यटक, एक गाईड आणि चालक असतात. म्हणून गट सहाचा करावा. सात झाले की दुसरी गाडी लागते आणि खर्च वाढतो. सफारी सकाळची किंवा दुपारची असते. प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं, गाईडचे पैसे असा हिशोब वेगवेगळा असतो आणि कॅमेऱ्याला, मोठ्या लेन्सला जादा शुल्क लागू शकतं. निघण्याआधी त्या दिवसाचे दर विचारून घ्या, सगळा खर्च कागदावर मांडा आणि सहानं भागा. पैसे एकाच्याच हातात ठेवा. परत आल्यावर हिशोबावरून दोस्ती तुटलेली उदाहरणं गावोगावी आहेत.

बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ कागद सोबत लागतं. झेरॉक्सवर अडवतात. गेटवर वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.

मोबाईलचं काय?

हा प्रश्न आपल्याकडं सगळ्यात मोठा, कारण बहुतेकांचा कॅमेरा म्हणजे मोबाईलच.

सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांबाबत निर्देश दिले, त्यात गाभ्यातल्या पर्यटन भागात मोबाईल वापरू देऊ नये असं म्हटलं आहे. ताडोबात तर त्याच्या आधीपासून मोबाईलला मनाई होती. तेव्हा सफारीत मोबाईलनं फोटो काढू, रील करू, हा विचार घरीच सोडून निघा. गेटवरचे कर्मचारी सांगतील तिथं फोन जमा करा.

हा नियम उगाच आलेला नाही. २०२४ सालच्या शेवटी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी घेरलं. वाघीण रस्त्यावर अडकून पडली. त्याचा व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून दुसऱ्याला कळतं, सगळ्या गाड्या तिकडं धावतात, असं ते गणित असतं. शिवाय मोबाईलवाल्याला फोटोसाठी जवळ जावं लागतं. लांबूनच फोटो मिळत असेल तर 'अजून पुढं घे' असं चालकाला म्हणायची वेळ येत नाही.

मोबाईलवरच भिस्त असेल तर सराव घराजवळ करा. नळगंगा धरणाच्या काठावर हिवाळ्यात उतरणारी पाखरं, शिवारातली रोही आणि हरणं, बांधावरचा सरडा, विहिरीच्या कठड्यावरचा खंड्या. हे सगळं जंगलाच्या फोटोचंच शिक्षण आहे आणि त्याला तिकीट लागत नाही.

कॅमेरा आणि सामान

सहा जणांत दोन चांगले कॅमेरे असले तरी पुरतात. प्रत्येकानं कर्ज काढून कॅमेरा घ्यायची गरज नाही. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळते. लांबच्या प्राण्यासाठी ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स लागते. ती नसेल तर लांब झूमचा साधा कॅमेराही चांगलं काम देतो.

जिप्सीत तिपाई उभी राहत नाही. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पँटीचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, आत ज्वारी किंवा मूग भरा. गाडीच्या दांडीवर ही पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. हात हलत नाही. दुकानात हीच वस्तू पैसे देऊन विकत मिळते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात :

- शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या वर ठेवा. उडत्या पाखराला १/१६०० लागतो.
- पहाटे आणि संध्याकाळी उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत वाढवायला घाबरू नका. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.
- फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं वाया.
- गाडी बंद झाल्यावरच बटण दाबा. चालू इंजिनाची थरथर फोटोत उतरते.
- फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचा 'बीप' आवाजही बंद.
- जास्तीची बॅटरी, जास्तीचं कार्ड, धुळीसाठी मोठा रुमाल. मेळघाटाची धूळ लेन्समध्ये शिरली की दुरुस्ती महागात जाते.
- कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे. पांढरा शर्ट, लाल टोपी, अत्तर, स्प्रे नको.
- गुटखा, सिगारेट, दारू, ब्लूटूथचा स्पीकर नको. ड्रोन तर अजिबात नको.

गाडीत कसं बसायचं

गटाची सफर इथंच जमते किंवा बिघडते. निघण्याआधीच ठरवा : मोठी लेन्स असलेले दोघे दोन बाजूंना, बाकीचे मध्ये. अर्ध्या वाटेवर जागा बदलायची. प्राणी दिसला की कुणी उठून उभं राहायचं नाही, 'अरे बघ बघ' म्हणून ओरडायचं नाही. खांद्याला हात लावून दिशा दाखवायची. एक जण हलला की सगळ्यांचे फोटो हलतात. गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, लघवीसाठीसुद्धा नाही. त्यासाठी गाईड जागा सांगतो.

गाईडचं ऐका. इथले गाईड बहुतेक आसपासच्या गावांतले, त्यांत कोरकू पोरंही असतात. सांबर एकदाच 'ढॉंक' करून ओरडलं की ते गाडी थांबवतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं ओरडायला लागलं की ते वानर कुठं बघतंय ते बघतात. वाघ किंवा बिबट जवळपास असल्याची ती वर्दी असते. अशा वेळी गाडी बंद करून वीस मिनिटं गुपचूप बसणं हेच काम. आपल्या लोकांना हे जड जातं. पैसे दिलेत तर गाडी फिरली पाहिजे, असं वाटतं. पण फिरणाऱ्या गाडीला धूळ जास्त आणि प्राणी कमी दिसतात.

मेळघाटात काय बघायचं

सरळ सांगायचं तर इथं ताडोबासारखा वाघ दिसत नाही. ताडोबा बराचसा सपाट आहे, मेळघाट म्हणजे डोंगर आणि खोल दऱ्या. वाघ आहे, पण तो दरीत उतरला की संपलं. म्हणून फक्त वाघासाठी जाणारा माणूस इथून नाराज होऊन येतो. गवा, सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्रे, मोठी खार, गरुड, हे ज्याला बघायचं त्याला मेळघाट भरभरून देतो.

आणि एक छोटं पाखरू आहे, त्यासाठी पक्षी बघणारे लांबून येतात. रानपिंगळा. आपल्या घराच्या वळचणीला बसणाऱ्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊ. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीनं सापडलाच नव्हता. तो संपला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो नंदुरबारच्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही तो चांगल्या संख्येनं असल्याचं कळलं. हा पिंगळा दिवसाही फिरतो, म्हणून त्याचा फोटो मिळू शकतो. पण काही जण त्याला जवळ बोलावण्यासाठी त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवतात. दुसरा पिंगळा आपल्या हद्दीत आला असं समजून तो घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतो. तेवढ्यात शिकरा पिल्लं उचलतो. असा फोटो काढू नये आणि कुणी काढत असेल तर गाईडला सांगावं.

ज्या मोकळ्या कुरणात फोटो मिळतो, ते कुरण कुणाचं?

मेळघाटात जंगलाच्या मधोमध काही सपाट गवताळ जागा आहेत. संध्याकाळी तिथं गवे, सांबरं चरायला उतरतात. उजेड सुंदर पडतो. अशा जागांबद्दल गाईडला एकदा जरूर विचारा, इथं पूर्वी काय होतं. पुष्कळ ठिकाणी उत्तर येईल : गाव होतं. बोरी, कोहा, कुंड ही गाभ्यातली गावं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाहेर वसवली गेली, त्यांच्या मागून आणखी गावं निघाली. जिथं आज गवत आहे तिथं घरं होती, वावरं होती, देवाची जागा होती. पुनर्वसनाला पुढं केंद्राची कुटुंबामागं १० लाखांची योजना आली, २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. कुणाचं बाहेर येऊन बरं झालं, कुणाची अजून तक्रार आहे.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वावर सोडणं काय असतं ते आपल्याला कळतं. कुणीतरी आपली पेरती जमीन सोडली म्हणून त्या कुरणात आज गवा उभा आहे आणि आपल्याला फोटो मिळतो आहे. तिथं पाण्याची बाटली फेकणं, गाडी गवतात घालायला लावणं, वाघासाठी गाईडवर डाफरणं, हे त्या माणसांचाही अपमान आहे. नियम पाळायला माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे.

फोटो टाकताना

फोटो काढणं निम्मं काम, तो पुढं पाठवणं निम्मं. फोटोसोबत जागेची नोंद आपोआप जाते. कॅमेऱ्यातलं, मोबाईलमधलं लोकेशन बंद ठेवा. वाघिणीची गुहा, बिबट्याची पिल्लं, पिंगळ्याचं घरटं यांची जागा कुठंच लिहू नका. बघणाऱ्यांत शिकारीही असतो. 'मेळघाट' एवढंच लिहिलं तरी पुरतं.

दुसरं, जुना व्हिडिओ 'आपल्या शिवारात बिबट्या' म्हणून ग्रुपवर टाकू नका. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाणारा माणूस त्यानं घाबरतो. खरंच जनावर दिसलं तर गर्दी होते आणि गर्दीनंच घात होतो.

आपल्या ज्ञानगंगेचंच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. महाराष्ट्र आणि तेलंगणातून, लोकांच्या शेतांतून, नाल्यांतून साधारण १३०० किलोमीटर चालत तो डिसेंबर २०१९ ला ज्ञानगंगेत पोचला. दिवसा लपायचा, रात्री चालायचा. एवढ्या वाटेत तो मुद्दाम कुणाच्या अंगावर गेला नाही. एकदाच एक माणूस जखमी झाला, तेव्हा काही लोक वाघ बसला होता त्या झुडपातच शिरले होते. बाकी कितीतरी गावांच्या शिवारातून तो गेला आणि गावाला पत्ताही लागला नाही. वाघाला वाट मोकळी मिळाली तर तो निघून जातो, हे त्यानं दाखवून दिलं.

घरी आल्यावर कॅमेरा कामाला लावा

जंगलात शिकलेली नजर शेतात उपयोगी पडते. रानडुक्कर किंवा रोह्यानं पीक तुडवलं, बिबट्यानं गोऱ्हा मारला तर लगेच फोटो काढा : पाऊलखुणा, शेजारी मापासाठी काडेपेटी किंवा वीत, पिकाचं नुकसान जवळून आणि लांबून. इथं लोकेशन आणि तारीख चालू ठेवा, कारण इथं तोच पुरावा आहे. पिकाचं नुकसान तीन दिवसांच्या आत आणि गुरं मारल्याची घटना ४८ तासांच्या आत जवळच्या वनकार्यालयाला कळवायची असते. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

निघण्याआधीची यादी

१) अधिकृत बुकिंगची छापील पावती आणि मूळ ओळखपत्र
२) सहाचा गट, खर्चाचा कागद, पैसे एकाकडं
३) चार्ज केलेल्या बॅटऱ्या, रिकामी कार्डं, ज्वारीची पिशवी
४) पाण्याची भरलेली बाटली, डबा, कचऱ्यासाठी रिकामी थैली
५) मातकट कपडे, थंडीत हातमोजे, उन्हाळ्यात दुपट्टा
६) घरी सांगून ठेवा : सफारीच्या वेळेत फोन लागणार नाही

पहिल्या खेपेला वाघ दिसला तर नशीब. नाही दिसला तर पळसावरची मैना, कोलकासची सिपना आणि नरनाळ्याचा दरवाजा घेऊन या. पुढच्या फेब्रुवारीत पळस पुन्हा फुलणारच आहे.